लहान वायनरीत तांबे, पोटॅश आणि धुण्याचे पाणी यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: कडवाकाठ

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची सहा एकर वाइन द्राक्षाची बाग आहे आणि बागेला लागूनच एक लहान वायनरी आहे. पूर्वी सगळा माल करारावर मोठ्या वायनरीला जात असे, आता तो आम्ही स्वतःच क्रश करतो, म्हणजे चिरडून त्याची वाइन करतो. हंगामात साधारण २० टन द्राक्षे निघतात. शिराझ आणि थोडे कॅबरने सोव्हिनॉन या लाल जाती डॉगरिज खुंटावर (ज्या मुळाच्या वेलावर जात कलम करतात त्यावर) आहेत, तर नंतर लावलेल्या शेनिन ब्लां आणि सोव्हिनॉन ब्लां या पांढऱ्या जाती ११०-आर खुंटावर आहेत. मांडणी वाय पद्धतीची (इंग्रजी Y आकाराच्या आधारांची) असून ओळी उत्तर-दक्षिण आहेत. जमीन वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला भारी काळी, चुनखडीची आहे. पाणी वाघाडच्या कालव्याचे आणि शेततळ्याचे, सगळे ठिबकवर.

बाहेरून येणाऱ्या निविष्ठा शक्य तितक्या कमी करत जावे, असा आमचा विचार आहे. सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यायचे की नाही हे अजून ठरवलेले नाही. मात्र वायनरी पाहायला येणारे पाहुणे प्रश्न विचारतात आणि त्यांना गोलमोल उत्तर द्यावे लागू नये, एवढी इच्छा आहे. पुढील तीन बाबींवर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिली बाब तांब्याची. आंतरप्रवाही (वेलीच्या आत भिनणारी) बुरशीनाशके कमी करत गेल्यावर पावसाळ्यात आमचा सगळा भार बोर्डो मिश्रणावर (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांच्या द्रावणावर) आला आहे. हे नैसर्गिक समजले जाते, पण तांबे जमिनीतून कोठेही जात नाही हेही तितकेच खरे आहे. मग आपण एका विषाच्या जागी दुसरे विष तर भरत नाही ना?

दुसरी बाब पीएचची, म्हणजे आंबटपणाच्या मापाची; आकडा जितका वर, तितका आंबटपणा कमी. शेनिनचा रस साडेएकवीस ब्रिक्सला (रसातील साखरेचे माप) ३.४ च्या आसपास पीएच देतो, त्यामुळे त्याची चिंता नाही. शिराझचा रस मात्र २४ ब्रिक्सला ३.८ च्या वर जातो. आमचे सल्लागार टार्टारिक आम्ल घालतात आणि वाइन टिकवणारा सल्फर डायऑक्साइडही (सल्फाइट) बराच जास्त ठेवतात. बागेत फवारणी वाचवायची आणि टाकीत पावडरी ओतायच्या, हे मनाला पटत नाही.

तिसरी बाब चोथ्याची (रस काढल्यावर उरलेल्या साली-बियांची) आणि धुण्याच्या पाण्याची. बागेतून निघालेले बागेतच परत जावे असे मला वाटते. म्हणून चोथ्याचे कंपोस्ट करून ते त्याच वेलींच्या बोदावर (ओळीतील मातीच्या उंचवट्यावर) टाकावे आणि टाक्या धुतलेले पाणी गाळून ठिबकला जोडावे, असा बेत आहे. यात काही धोका आहे का?

उत्तर: ओलांडा

कडवाकाठ दादा, बागेपुरते मी लिहितो, टाकीचे जाणकारांनी सांगावे.

तांब्याचा हिशेब फवारण्यांच्या संख्येवर न ठेवता धातूच्या वजनावर ठेवावा, म्हणजे निम्मा गोंधळ संपतो. मोरचुदात तांबे सुमारे २५ टक्के असते. एक टक्का बोर्डोत १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद पडतो, म्हणजे २५० ग्रॅम तांबे. पावसाळ्यात कॅनोपी (वेलीचा पानोरा) भरलेली असताना एकरी ४०० लिटर द्रावण सहज जाते, म्हणजे एका फवारणीत एकरी १ किलो आणि हेक्टरी अडीच किलो तांबे पडले. युरोपीय संघाने २०१९ पासून जी मर्यादा घातली आहे ती सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलोची आहे. पूर्ण ताकदीच्या दोन फवारण्यांत आपण ती ओलांडतो. तेच बोर्डो अर्धा टक्का केले, नोझल बारीक करून पाणी ३०० लिटरवर आणले, तर एका फवारणीला हेक्टरी ९०० ग्रॅमच्या थोडे वर तांबे जाते आणि चार फवारण्या मर्यादेत बसतात. ही मर्यादा आपल्याला कायद्याने लागू नाही, परंतु पाहुण्यांना सांगायला एक आकडा तरी हातात राहतो. तुमच्या खालच्या अंगाच्या चुनखडीच्या जमिनीत तांबे बरेचसे बांधून राहते आणि आम्लधर्मी जमिनीइतके लगेच बाधत नाही. तरीही ते वरच्या थरातच साचते आणि गांडुळांचा मुक्काम नेमका त्याच थरात असतो, हे विसरू नये.

युरोपातील सेंद्रिय बागांचे वेळापत्रक जसेच्या तसे येथे चालत नाही, कारण आपला वेल वर्षातून दोनदा छाटला जातो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फळ येते, आणि या दोहोंच्या मध्ये हिरवीगार कॅनोपी पूर्ण पावसाळा अंगावर घेते. त्या काळात वेलीवर घड नसतो, तरी पाने आणि काडी सांभाळावीच लागते, कारण पान डाऊनी (केवडा) या बुरशीरोगाने गळाले तर काडी पिकत नाही आणि काडीवर करपा हा डागांचा रोग बसला तर पुढच्या फुटीत तोच उतरतो. म्हणून तांबे वाचवायचे असेल तर ते जून ते सप्टेंबर याच काळात, आणि तेही कात्रीने वाचवावे. काड्यांची संख्या आवरणे, बगलफुटी वेळेवर काढणे, शेंडा मारणे, पाऊस लागण्याआधी ओलांड्याजवळची (वेलीच्या आडव्या फांदीजवळची) जुनी पिवळी पाने काढून टाकणे, काड्या तारेला अशा बांधणे की खाली उभे राहिल्यावर आकाशाचे ठिपके दिसावेत. पान दोन तास लवकर वाळले तर त्याचा उपयोग एखाद्या फवारणीपेक्षा कमी नसतो. छाटलेल्या काड्या कुट्टी करून बोदावर आच्छादन म्हणून टाकणे उत्तमच, मात्र करप्याचे डाग असलेल्या काड्या त्यात मिसळू नयेत, त्या बागेबाहेर कुजवाव्यात.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पोंगा अवस्थेपासून (डोळा फुटून कोवळा कोंब निघाल्यापासून) फुलोऱ्यापर्यंतच्या काळात मात्र कोणी तत्त्वाचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या काळात पाऊस झाला तर डाऊनी थेट घडावर जातो आणि वर्ष संपते. नेमक्या वेळी घेतलेली एक आंतरप्रवाही फवारणी नंतरच्या चार स्पर्शजन्य (पानावरच राहणाऱ्या) फवारण्या वाचवते, आणि त्या चारांमध्ये तांबेच असते. प्रमाणपत्र नसल्याचा हा एक फायदा आहे, तो घ्यावा.

डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि कोरडी हवा आली की भुरी या पांढऱ्या बुरशीची पाळी येते. तेथे गंधक आणि अँपेलोमायसिस, बॅसिलस सबटिलिस हे उपयोगी सूक्ष्मजीव यांवर बागा निभावतात. गंधक स्वस्त आणि निर्धोक आहे, त्यामुळे मण्यात पाणी उतरल्यानंतरही (मणी मऊ होऊन पिकू लागल्यावरही) गरजेप्रमाणे घेण्यास हरकत नाही. पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडता येतात, पण त्याआधी बागेतील मुंग्यांचा बंदोबस्त करावा, नाहीतर मुंग्या भुंगेऱ्यांना जवळ येऊ देत नाहीत.

उत्तर: मांडववाला

मी टेबल द्राक्षवाला आहे, त्यामुळे थोडे बाहेरून लिहितो. ना जीए (वाढीचे संप्रेरक), ना डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), ना मणी फुगवायचा, एकरी चार-पाच टनांवर समाधान: निम्मी रसायने तर तुमच्या पिकाला मुळातच लागत नाहीत. तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका.

एक सावधगिरी मात्र सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जो पाऊस झाला, त्यात लवकर छाटलेल्या बागा कोणाच्याही वेळापत्रकाने वाचल्या नाहीत. २६ नोव्हेंबर २०२३ ला गारपीट झाली तेव्हा तर फवारणीचा प्रश्नच उरला नव्हता. सहाही एकरांची छाटणी एकाच आठवड्यात उरकू नये. मजुरांची टोळी दोनदा बोलवावी लागते, खर्च थोडा वाढतो, पण सगळी बाग एकाच वेळी फुलोऱ्यात सापडत नाही. लहान शेतकऱ्याला विम्यापेक्षा याचा आधार जास्त वाटतो.

उत्तर: तळघर

मी वायनरीत काम करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते. त्याआधी ओलांडा यांच्या एका वाक्याला हरकत घेते. गंधक बागेला निर्धोक असेल, टाकीला नाही. मण्याच्या सालीवर राहिलेले गंधक यीस्टच्या हातात पडले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि टाकीला सडक्या अंड्यांचा वास येतो. मग तो वास घालवायला टाकीत पुन्हा कॉपर सल्फेटच घालावे लागते! शेवटचे गंधक आणि काढणी यांत किमान पाच-सहा आठवडे ठेवावेत आणि त्यानंतर जैविक घटकांवर किंवा पोटॅशियम बायकार्बोनेटवर निभवावे. तांब्याचेही तसेच आहे. सोव्हिनॉन ब्लांचा पेरूसारखा, पॅशनफ्रूटसारखा जो वास आपण विकतो, तो देणाऱ्या थायॉल संयुगांना तांबे पकडून ठेवते. म्हणून त्या प्लॉटला तरी फळधारणेनंतर बोर्डो नको.

आता पीएच. दादा, तुमच्या शिराझचा प्रश्न टाकीत सुरू झालेला नाही. तो खुंटात, सावलीत आणि खताच्या पोत्यात आहे. द्राक्षाच्या रसात टार्टारिक आम्ल असते आणि पोटॅशियम त्याच्याशी जोडले गेले की आम्लाची धार जाते. रसात पोटॅशियम जितके जास्त, तितका पीएच वर. डॉगरिज हा जोमदार खुंट आहे. खारवट पाण्यात आणि दुष्काळात तो तग धरतो, म्हणूनच महाराष्ट्रात तो सर्वत्र पसरला, पण तो पोटॅशियमही भरपूर उचलतो. टेबल द्राक्षाला ते चालते, लाल वाइनला नाही. वाइनसाठी ११०-आर बरा असे सांगितले जाते त्यामागचे एक कारण हेच आहे, आणि तुमच्या शेनिनचा आकडा त्याच्याशी जुळतो. शेनिनची गोष्ट अर्थात वेगळी जात आणि लवकरची काढणी यांमुळेही आहे, सगळे श्रेय खुंटाला देता येणार नाही. शिवाय लाल वाइन सालीसकट आंबवली जाते आणि पोटॅशियम सालीतच अधिक असते, त्यामुळे रस मोजताना जो पीएच दिसतो त्याहून तो टाकीत आणखी चढतो. मॅलोलॅक्टिक किण्वन (मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल होणे) झाले की अजून थोडा वर जातो.

दुसरे कारण सावलीचे. दाट कॅनोपीच्या आत दडलेली पाने अन्न फारसे तयार करत नाहीत आणि त्यांतील पोटॅशियम घडाकडे सरकते. त्यामुळे ओलांडा यांनी रोगासाठी सांगितलेली विरळणी पीएचसाठीही तितकीच उपयोगी पडते. घडाजवळची पाने काढताना फक्त पूर्वेकडची काढावीत, पश्चिमेकडची मुळीच नाही. फेब्रुवारीतील दुपारचे ऊन थेट घडावर पडले तर मणी भाजतो, रंग जातो आणि उरलेसुरले मॅलिक आम्लही जळून जाते.

तिसरे कारण खताचे, आणि बहुतेक बागांत सर्वांत जास्त उधळपट्टी येथेच होते. एक टन द्राक्षे बागेतून सुमारे ३ किलो पोटॅशियम बाहेर नेतात. एकरी ४ टन माल निघाला तर १२ किलो गेले. सल्फेट ऑफ पोटॅशच्या २५ किलोच्या एका पोत्यात प्रत्यक्ष पोटॅशियम १० किलोच्या थोडे वर असते. म्हणजे तुमची बाग वर्षाला एकरी सव्वा पोत्याइतकेच पोटॅशियम बाहेर पाठवते, आणि आपल्या काळ्या जमिनीत ते मुळातच कमी नसते. शेजारच्या टेबल द्राक्षाच्या बागेचे वेळापत्रक पाहून, मण्याला फुगवण आणि गोडी यावी म्हणून, ठिबकमधून जे पोटॅश सोडले जाते त्याची वाइन द्राक्षाला गरज नसते. देठ परीक्षण (पानाच्या देठांतील अन्नद्रव्यांची तपासणी) करून घ्या आणि अहवालात पोटॅशियम पुरेसे दिसले तर शिराझच्या प्लॉटचे पोटॅश पूर्ण बंद करा. फरक एका हंगामात दिसणार नाही, दोन-तीन हंगाम थांबावे लागेल.

आता सल्फर डायऑक्साइडचा आणि याचा संबंध सांगते, कारण पाहुण्यांचा प्रश्न नेमका तेथे येतो. जंतूंवर काम करतो तो मुक्त सल्फर डायऑक्साइडचा फक्त रेणवीय (आयनांत न फुटलेला) भाग, आणि तो किती असेल हे पीएच ठरवतो. लिटरला ०.८ मिलिग्रॅम इतका रेणवीय भाग हवा असेल तर ३.४ पीएचला मुक्त ३२ मिलिग्रॅम पुरतो, ३.६ ला ५० लागतो आणि ३.८ ला ७९. म्हणजे तुमचे सल्लागार सढळ हाताने टाकतात असे म्हणण्यात अर्थ नाही, तुमचा पीएच त्यांच्याकडून ते मागून घेतो. पीएच ३.५५ पर्यंत आणता आला तर सल्फाइट आपोआप जवळपास निम्म्यावर येईल. ‘कमी सल्फाइटची वाइन’ हा प्रकार मुळात शेतावर ठरतो.

आणि टार्टारिकला कमी लेखू नका. ते द्राक्षाचेच आम्ल आहे आणि घालायचेच असेल तर किण्वनाआधी रसातच घालावे. पीएच ३.६५ च्या खाली असताना पोटॅशियम बायटार्ट्रेटचे (पोटॅशियम आणि टार्टारिक आम्ल यांच्या क्षाराचे) खडे तळाशी बसले की पीएच आणखी उतरतो, त्याच्या वर असताना तेच खडे बसले की पीएच उलट चढतो. म्हणून ३.८ वर आंबवून नंतर दुरुस्ती करत बसलो की आम्ल जास्त लागते आणि वाइन कडक, अंगाबाहेरची लागते.

पहाटेच्या काढणीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडे लिहिते, कारण हल्ली ती ‘ऊर्जा वाचवणारी’ म्हणून सांगितली जाते. एक टन द्राक्षे १५ अंशांनी थंड करायला चिलर सुमारे ५ युनिट वीज खातो, म्हणजे तुमच्या २० टनांवर शंभर युनिटचा प्रश्न आहे. पहाटे काढावे ते पांढऱ्या वाइनचा वास टिकावा म्हणून. वीज खरोखर वाचवायची असेल तर टाक्यांना आणि थंड ग्लायकॉल वाहून नेणाऱ्या पाइपांना नीट इन्सुलेशन करा, कारण मार्च ते मे या महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली उघडी टाकी चिलरला रात्रंदिवस पळवते.

उत्तर: पाणलोट

मी सांगली भागात सांडपाणी प्रक्रियेचे काम करतो. तिसऱ्या प्रश्नातील विचार चांगला असला तरी त्यात दोन सापळे आहेत, आणि तळघर ताईंच्या उत्तरामुळे पहिला समजावणे सोपे झाले.

पहिला सापळा पोटॅशियमचा. द्राक्षाने जमिनीतून उचललेले पोटॅशियम बाटलीत फार थोडे जाते. त्याचा मोठा वाटा चोथ्यात, देठांत, टाकीच्या तळच्या गाळात आणि भिंतीला चिकटलेल्या खड्यांत मागे राहतो. क्रश केलेल्या मालाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के चोथा धरला तर तुमच्याकडे दरवर्षी तीन-चार टन निघेल. तो त्याच डॉगरिजच्या बोदावर परत टाकला तर ज्या पोटॅशने पीएच चढवला तेच पोटॅश आपण वेलीला पुन्हा भरवतो. शेनिनच्या प्लॉटला, मुरमाड अंगाला, थोडे कंपोस्ट द्यायला हरकत नाही. बाकीचे कांद्याला, भाजीपाल्याला किंवा बांधावरच्या आंब्यांना द्यावे, किंवा शेजाऱ्याशी शेणखताच्या बदल्यात अदलाबदल करावी. बागेतले बागेतच राहावे, या तत्त्वाची व्याप्ती एका प्लॉटवरून गावाच्या शिवाराएवढी केली की प्रश्न सुटतो.

कंपोस्ट करताना चोथा एकटा रचू नये. तो आम्लधर्मी आणि ओला असतो, हवा न मिळाल्यास त्याला शिरक्याचा वास सुटतो आणि चिलटे इतकी होतात की वायनरीचे दार उघडता येत नाही. चिलटे म्हणजे टाकीत व्हिनेगरचे जंतू पोचवणारी वाहनेच, म्हणून ढीग इमारतीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावा. चोथा, कुट्टी केलेले देठ, शेण आणि काडीकचरा यांचे थर द्यावेत, वरखाली नियमित करावी आणि वर मातीचा थर ठेवावा. बी लवकर कुजत नाही, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यानंतरच ते वापरावे.

दुसरा सापळा सोडियमचा, आणि तो अधिक गंभीर आहे. टाकीच्या भिंतीवरचे टार्ट्रेट काढायला बहुतेक ठिकाणी कॉस्टिक सोडा वापरतात. ते पाणी ठिबकमधून काळ्या जमिनीत गेले तर मातीचे कण फुटतात, पाणी मुरणे बंद होते आणि जमीन चोपण होऊ लागते. चोपण जमीन सुधारायला जिप्सम आणि निचरा यांवर काय खर्च येतो हे कृष्णाकाठच्या ऊसकऱ्यांना विचारा. कॉस्टिक पोटॅश वापरला तर सोडियमचा प्रश्न जातो, पण पुन्हा पहिला सापळा समोर येतो. तेव्हा आधी गरम पाण्याने खडे सोडवावेत. कॉस्टिकचे द्रावण एकदा वापरून ओतून न देता एका टाकीतून दुसऱ्या टाकीत फिरवावे. शेवटी उरलेले द्रावण वेगळ्या पिंपात घ्यावे, ते इतर पाण्यात मिसळू नये. निर्जंतुकीकरणाला पेरासिटिक आम्ल चालते, क्लोरीन टाळावे, कारण लाकूड आणि बूच यांच्याशी त्याचा संबंध आला की वाइनला कुबट वास लागण्याचा धोका राहतो.

पाण्याचे प्रमाण पाहू. लहान वायनरीत एका लिटर वाइनमागे तीन ते सहा लिटर पाणी धुण्यात सहज जाते. ते कमी करायला यंत्र लागत नाही, फावडे आणि रबरी वायपर पुरतो. क्रशरखाली पडलेली साल, टाकीतील गाळ आणि सांडलेला रस आधी कोरडा उचलावा, मगच नळी हातात घ्यावी. एक लिटर वाइन सांडली तर तिच्यात सुमारे २०० ग्रॅम सीओडी (ऑक्सिजन खाणाऱ्या घाणीचे माप) असतो, आणि घरगुती सांडपाण्याचा सीओडी लिटरला अर्धा ग्रॅम धरला तर ते जवळजवळ ४०० लिटर सांडपाण्याइतके ओझे झाले. म्हणून गाळाची बादली मोरीत रिकामी करण्याची जी सवय सगळीकडे दिसते, ती मोडली तर प्रक्रिया संयंत्राचा आकारच बदलतो.

आणि हे पाणी वर्षभर सारखे येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोंढा येतो, पावसाळ्यात जवळपास काहीच नसते, त्यामुळे जिवाणूंवर चालणारे संयंत्र ऐन हंगामात उपाशी जिवाणूंनिशी सुरू होते. क्रश सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधीपासून त्याला शेणाचे पाणी आणि थोडा गूळ देऊन जागे करावे लागते. चाळणी, समतोल टाकी, चुन्याने पीएच वर आणणे, हवा देणे, नंतर रेतीची किंवा वनस्पतींची वाफ्यातील गाळणी, असा साधा क्रम तुमच्या आकाराला पुरेल. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात ज्या मर्यादा लिहिलेल्या असतील त्या मात्र नमुना तपासूनच पाळाव्यात, नजरेने पाहून नव्हे. प्रक्रिया झालेले पाणी द्राक्षाला न देता नेपिअर गवताच्या पट्ट्याला द्या. ते गवत पोटॅशियमचे खादाड आहे, कापून गोठ्यात जाते आणि जाताना बागेवरचे ओझे घेऊन जाते.

कडवाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मी तीन वेगळे प्रश्न विचारले होते, तुम्ही ते एकाच धाग्यात गुंफले. नेपिअरचा पट्टा खालच्या अंगाला नाल्याच्या काठाने सहज होईल आणि चोथ्यासाठी कांदावाले शेजारी तयार होतील असे वाटते. पुढच्या हंगामापासून बोर्डोचा खर्च लिटरमध्ये न लिहिता तांब्याच्या किलोत लिहीन.

तळघर ताई, एक शेवटचे विचारतो. वेलीवरची जात कलम करून बदलता येते, खुंट बदलता येत नाही. मग डॉगरिजवरचे शिराझ उपटून ११०-आरवर नव्याने लावावे का? आणि देठ परीक्षणाचा नमुना नेमका केव्हा घ्यावा?

उत्तर: तळघर

दादा, चांगली पोसलेली बाग लगेच उपटू नका. नवीन लागवड उत्पन्नात येईपर्यंत तीन वर्षे जातात, आणि लोखंडी अँगल, तारा, कलमे यांचा खर्च व त्यांत गेलेली ऊर्जा धरली तर त्याला निविष्ठा कमी करणे म्हणता येणार नाही. त्याऐवजी त्या प्लॉटकडून दुसरे काम करून घ्या. खालच्या काळ्या जमिनीतील शिराझ, जेथे जोम जास्त आणि पीएच वर असणार, तो १९-२० ब्रिक्सला काढून त्याची रोझे (फिकट गुलाबी वाइन) करा. तोपर्यंत आम्ल शिल्लक असते, साल रसासोबत काही तासच राहिल्याने पोटॅशियमही कमी उतरते, आणि ना टार्टारिक फारसे लागते ना सल्फाइट. शिवाय ती काढणी लवकर झाल्यामुळे तेवढे पाणी आणि उशिराच्या भुरीच्या फवारण्या वाचतात. वरच्या मुरमाड अंगाचा शिराझ लाल वाइनसाठी ठेवा, तेथे मण्यात पाणी उतरल्यापासून ठिबकचे पाणी हळूहळू कमी करा, म्हणजे मणी लहान राहतो आणि रंग भरतो. दोन्ही अंगांचा माल आतापर्यंत एकाच टाकीत जात असेल तर यंदा तो वेगळा क्रश करून दोन्हींचे पीएच वेगळे लिहून ठेवा. मला वाटते, खालच्या अंगाचा आकडा सरासरी बिघडवत असावा.

देठाचा नमुना वर्षातून दोनदा घ्यावा. खरड छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी, काडीत सूक्ष्म घडनिर्मिती चालू असताना, काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा देठ घ्यावा, आणि फळ छाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. पान तोडल्यावर पाते लगेच वेगळे करावे आणि फक्त देठ कागदी पिशवीत भरावेत, प्लास्टिकमध्ये ते घामेजतात. मुरमाड आणि काळ्या अंगाचे नमुने स्वतंत्र द्यावेत, आणि नमुन्याच्या आधीच्या काही दिवसांत पोटॅशियमयुक्त काहीही फवारलेले नसावे, बायकार्बोनेटसुद्धा नाही. शक्य असेल तर त्याच पिशव्यांसोबत पाण्याचाही नमुना पाठवा. शेततळ्याचे आणि कालव्याचे पाणी वेगळे तपासले की सोडियमचे चित्रही त्याच अहवालातून हाती येईल.